रेहानाच्या रक्तात काय होतं

तीसेक वर्षं मी लोकांचं रक्त काढलं. जालन्यातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत लॅब टेक्निशियन होते, पण हा शब्द माझ्यासाठी कुणी वापरला नाही. हसनाबादला माहेरी गेले की शेजारणी विचारायच्या, "अजून सुया टोचूनच राह्यली का गं?" मी हो म्हणायचे. खरं तर सुई टोचणं हा माझ्या कामातला सगळ्यात सोपा भाग. कोणत्या रंगाच्या झाकणाची नळी घ्यायची, ती किती भरायची, किती हलवायची, किती वेळात यंत्रात फिरवायची, आणि आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे खरं काम. ते आतल्या खोलीत चालतं. लोकांना खुर्ची आणि सुई एवढंच दिसतं.

त्या खुर्चीवर मी भलेभले पाहिले. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये लालभडक सळ्या चिमट्यानं पकडणारा एक धिप्पाड गडी सुई बघून जो आडवा झाला, तो मला आणि आमच्या वॉचमनला मिळून उचलता आला नाही. बाकीचे बहुतेक जण समोरच्या भिंतीकडे बघतात आणि बोलायला लागतात. सुईकडे लक्ष जाऊ नये म्हणून मनात येईल ते बोलतात. डॉक्टरांसमोर आठवत नाही ते इथे आठवतं. मी ऐकत असे. तो माझ्या कामाचा भाग नव्हता, पण एकदा त्या ऐकण्यानं असं काही घडवलं की अजून आठवलं तरी मला स्वस्थ बसवत नाही. तेच सांगायला बसले आहे.

रेहाना भोकरदनची. तेव्हा सत्तावीस वर्षांची असेल. नवरा सलीम इथल्या मिलमध्ये कामाला, आठवड्याला घरी जायचा. ती सासूबरोबर भोकरदनला राहायची आणि शिवणकाम करायची. पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा तिचं तिसरं बाळंतपण वाया जाऊन तीनच आठवडे झाले होते. आधीची दोन दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गेलेली. हे तिसरं मात्र सातव्या महिन्यापर्यंत पोचलं होतं आणि मग पोटातच थांबलं. सोबत सासू होती, खातूनबी. उंच, हाडकुळी, कमी बोलणारी बाई. ती खुर्चीशेजारी उभी राहिली आणि सुनेऐवजी माझ्या हातांकडे बघत राहिली.

आमच्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमचं रुग्णालय होतं. मॅडम जालन्यात नव्यानं आलेल्या होत्या. त्यांनी रेहानाच्या थायरॉइडची तपासणी लिहिली होती, आणि खाली आणखी एक नाव, जे तेव्हा आमच्याकडे फारसं कुणी लिहीत नसे: अँटी-टीपीओ. थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी, सगळ्या शरीराच्या चुलीचा जाळ कमीजास्त करणारी. काही माणसांच्या अंगातली रोगाशी लढणारी फौज चुकून याच ग्रंथीवर उलटते. ग्रंथी एकदम मरत नाही, वर्षानुवर्षं झिजते. बाईला कळतही नाही. थकवा येतो, केस गळतात, सगळे म्हणतात घरकामानं होतं. पण गर्भ राहिला की ग्रंथीवर दीडपट काम पडतं, कारण पहिले काही महिने बाळही आईच्याच थायरॉइडवर जगतं. अँटी-टीपीओ म्हणजे त्या उलटलेल्या फौजेची मोजदाद.

रेहानाची मोजदाद आमच्या यंत्राला झेपली नाही. यंत्रानं आकडाच दिला नाही, 'मर्यादेच्या वर' असं दाखवलं. मी नमुना पातळ करून पुन्हा लावला, तरी भरपूर आला. मी तो कागद घेऊन वर गेले. मॅडमनी बघितला आणि विचारलं, हिचे जुने रिपोर्ट आहेत का तुमच्याकडे?

होते. कॉम्प्युटरवर नाव टाकलं तर तिच्या दुसऱ्या गरोदरपणातला एक निघाला. तेव्हा ती दुसऱ्या एका डॉक्टरांकडे होती आणि त्यांनी फक्त टीएसएच, म्हणजे ग्रंथी कमी पडू लागली की वर चढणारा आकडा, तपासायला पाठवलं होतं. आकडा ४.९. समोर छापलेली मर्यादा ५.५ पर्यंत. म्हणजे नॉर्मल. खाली सही माझी.

आमच्या छापील कागदावर तेव्हा सगळ्यांना एकच मर्यादा होती. बाप्या असो, म्हातारी असो की पोटुशी बाई असो. गरोदर बाईची मर्यादा खाली असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. एका प्रशिक्षणात ऐकलं होतं. पण कागद तसा छापून यायचा आणि मी सही करत सुटायचे. त्या आकड्याकडे कुणीतरी थांबून बघायला हवं होतं, आणि पहिली बघणारी मी होते.

मॅडम म्हणाल्या, एवढ्यानंच गर्भ गेला असं कुणी खात्रीनं सांगू शकत नाही, सगळं स्वतःवर घेऊ नका. पण मला चैन पडेना. पुढच्या वेळी रेहाना आली तेव्हा मी तिला सरळ सांगितलं की तुझा जुना कागद माझ्या सहीचा होता, तिथं मी चुकले. खातूनबी शेजारीच होती. मला वाटलं आता दोघी उठून जातील. रेहाना खुर्चीवर नीट सरकून बसली. मग म्हणाली, "मंग आता बराबर छापता का?"

म्हटलं, याच आठवड्यापासून. गरोदर बायांचा वेगळा रकाना केलाय.

"मंग घ्या रक्त," असं म्हणून तिनं हात पुढे केला.

आणि त्याच वेळी, भिंतीकडे बघत, तिनं ते सांगितलं. विषय काय निघाला होता तेही आठवत नाही. बहुधा मी हाताला पट्टा बांधताना म्हटलं असेल की नस छान आहे. ती म्हणाली की आमच्या घरात नसांचंच वाईट आहे. तिची खाला, म्हणजे आईची सख्खी बहीण, बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी तिचा एक पाय खांबासारखा सुजला. पाचव्या दिवशी बाळाला पाजत बसली असताना श्वास लागला आणि गेली. लोक म्हणाले, बाहेरची बाधा. आणि रेहानाचा थोरला भाऊ युनूस, ट्रकचा ड्रायव्हर, बत्तिसाव्या वर्षी त्याच्या पायाची नस बंद पडली. डॉक्टर म्हणाले, रात्रंदिवस बसून गाडी चालवतो म्हणून.

मी सुई टोचायची थांबले. एक खाला, एक भाऊ, आणि ही. तिला विचारलं, हे वरच्या मॅडमना सांगितलंस का? ती म्हणाली, त्यांनी माझ्या बाळांचं विचारलं, खालाचं कशाला सांगू?

रक्त घेऊन मी आधी जिना चढले. मॅडम दुसरी पेशंट तपासत होत्या. दारातूनच दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

आता हे जरा समजावून सांगते. रक्ताला दोन कामं एकाच वेळी करावी लागतात. कापलं तर गोठायचं, आणि नसेत असताना मुळीच गोठायचं नाही. त्यासाठी रक्तात गोठवणारी द्रव्यं असतात, तशी त्यांना आवरणारीही असतात. गाडीला ब्रेक असतो तशी. काही घराण्यांत यातला एखादा ब्रेक जन्मतःच ढिला असतो. आईकडून किंवा बापाकडून येतो. एरवी माणूस ठणठणीत असतं, पण गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर रक्त आपणहून जास्त गोठू लागतं, तेव्हा हा ढिला ब्रेक दगा देतो. पायात गाठ होते, ती सुटून फुप्फुसात जाते. कधी वारेच्या बारीक नसांमध्ये गाठी होतात आणि बाळाचा पुरवठा तुटतो.

मला वाटलं, लगेच तपासू. मॅडमनी मला थांबवलं. गरोदरपणात आणि नंतर काही आठवडे यातलं एक द्रव्य, प्रोटीन एस, सगळ्याच बायकांमध्ये कमी होतं. आत्ता तपासलं तर भलताच शिक्का बसेल. तीन महिने थांबायचं, तोवर दिवस जाऊ द्यायचे नाहीत, आणि थायरॉइडची गोळी सुरू करायची. ते तीन महिने मी कॅलेंडरकडे बघत काढले.

ही तपासणी जालन्यात होत नव्हती. निळ्या झाकणाच्या नळीत अगदी खुणेपर्यंत रक्त भरायचं, दोनदा फिरवून वरचं पिवळं पाणी काढायचं, ते गोठवून बर्फात संभाजीनगरच्या मोठ्या लॅबला पाठवायचं. वाटेत वितळलं तर सगळं वाया. मी जीव ओतून डबा भरला आणि कुरिअरनं तो दीड दिवसानं पोचवला. फोन आला: नमुना वितळलेला, तपासता येणार नाही. मी फोन ठेवून खुर्चीत बसले आणि बसल्याबसल्याच वाटलं, रक्त पाठवायचंच कशाला? माणूसच पाठवू. तिथल्या तिथं ताजं रक्त काढून तपासता येईल. तिचा भाऊ युनूसही संभाजीनगरलाच राहतो. दोघांचं एकाच दिवशी होईल.

मी रजा टाकली. रेहाना, खातूनबी आणि मी सकाळच्या एसटीनं निघालो. खरं तर माझी काही गरज नव्हती, पण ती नळी दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडायला मी तयार नव्हते. तिथल्या पोराला मी दोनदा सांगितलं, खुणेपर्यंत भर. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की माझ्या तरुणपणी मला काम शिकवायला येणाऱ्या, पेशंटच्या आगाऊ नातेवाइकांची आठवण झाली.

युनूस आला, पण हात द्यायला तयार होईना. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या त्यानं वर्षापूर्वी स्वतःच बंद केल्या होत्या. मला काय झालंय, मी रोज गाडी चालवतो, असं त्याचं म्हणणं. खातूनबीनं समजावलं, मीही समजावलं. शेवटी रेहाना उठून त्याच्यासमोर उभी राहिली. "भाईजान, खाला गेली तेव्हा कुणी काय तपासलं न्हाई. मी बी तशीच गेले तर अम्मीला काय सांगाल?"

त्यानं बाही वर केली.

आठ दिवसांनी रिपोर्ट आले. दोघांचंही प्रोटीन एस कमी. खूप कमी. मी दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेले, आणि मधल्या वळणावर भानावर आले की बाई, कुणाचे तरी रिपोर्ट वाईट आलेत आणि तू पळत काय सुटलीस. पण तो आनंद मला आवरत नव्हता. अंधारात इतकी वर्षं ज्याला सगळे बाधा, नशीब, बसून राहणं म्हणत होते, त्याला आता एक नाव होतं. एका तपासणीनं खात्री होत नाही म्हणून मॅडमनी काही आठवड्यांनी रेहानाची पुन्हा तपासणी करवली. पुन्हा तेच. मग तपासणीच्या चिठ्ठीमागे त्यांनी रेहानाच्या माहेरच्या नात्यांचं झाड काढलं आणि गेलेली म्हणून खालाच्या गोलावर रेघ मारली.

त्या दिवशी मीही खोलीत होते. मॅडम सगळं सावकाश सांगत होत्या. दिवस गेले की पहिल्या दिवसापासून रोज पोटावर एक इंजेक्शन, बाळंतपणानंतरही सहा आठवडे. थायरॉइडची गोळी रोज उपाशीपोटी, दर चार आठवड्यांनी तपासणी. आणि एवढं करूनही शब्द देता येणार नाही, पण तुझी खाला ज्यानं गेली त्यापासून तुला वाचवणं आपल्या हातात आहे. रेहाना रडायला लागली. खातूनबीनं एकच विचारलं.

"म्हणजे हिचा काय कसूर न्हाई?"

मॅडम म्हणाल्या, काहीच नाही.

इतकी वर्षं घरात रेहानाला काय काय बोललं गेलं असेल ते मला ठाऊक नाही. खातूनबी खाली मान घालून बसली. मग तिनं विचारलं की सुई रोज कोण देणार. मॅडमनी सांगितलं, जवळच्या नर्सकडे जा, नाहीतर रेहानाला शिकवू. "मी देते," खातूनबी म्हणाली. "सलीमच्या अब्बाला अकरा साल इन्सुलिन मीच दिलं." मग मला कळलं की पहिल्या दिवशी ती माझ्या हातांकडे का बघत होती. माझं काम तपासत होती.

चार महिन्यांनी दिवस गेले. कळलं त्याच दिवशी पहिली सुई. मॅडमनी एकदा दाखवलं: पोटाची चिमूट धरायची, सुई सरळ आत, सोडताना घाई नाही, नंतर चोळायचं नाही. खातूनबीनं दुसऱ्याच दिवशी मला फोनवर सांगितलं की इन्सुलिनपेक्षा याची सुई बरी. ती रोज कॅलेंडरवर वेळ लिहायची आणि बाजू लिहायची, डावी की उजवी. शेजारणी रेहानाच्या पोटावरचे निळे डाग बघून हळहळायच्या, एवढं कुणी छळतं का म्हणायच्या. खातूनबी त्यांना दारातूनच वाटेला लावायची.

दर चार आठवड्यांनी दोघी माझ्याकडे यायच्या आणि मी टीएसएच लावायचे. यंत्र आकडा दाखवीपर्यंत मी जागेवरून हलत नसे. दुसऱ्या महिन्यात तो वर सरकला, तसा मॅडमनी गोळीचा डोस वाढवला. पाचव्यात पुन्हा सरकला, पुन्हा वाढवला. आधीच्या वेळी हे कुणी बघितलंच नव्हतं. मी प्रत्येक आकडा एका वहीत लिहून ठेवला होता, जणू माझ्याच लेकीचे मार्क.

सातव्या महिन्यात एका सकाळी रेहाना तारीख नसताना आली आणि बाकावर बसली. तपासणी काही नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, मागच्या वेळी याच आठवड्यात पोटातली हालचाल थांबली होती. "आज हाललं," ती म्हणाली, "पण कमी हाललं वाटून राह्यलं." मी तिला हाताला धरून वर नेलं. मॅडमनी सोनोग्राफी लावली आणि आवाज मोठा केला. टपटप, टपटप, घोडा पळावा तसा. वारेतला पुरवठा बघितला, तोही उत्तम. मी तीस वर्षांत हजारो नळ्या हाताळल्या, पण त्या नळ्यांच्या दुसऱ्या टोकाला काय असतं हे त्या दिवशी पहिल्यांदा कानानं ऐकलं.

नवव्या महिन्यात तारीख ठरली. आदल्या दिवशी इंजेक्शन बंद करायचं, कारण शेवटच्या सुईनंतर पुरेसा वेळ गेल्याशिवाय कमरेत भुलीचं इंजेक्शन देता येत नाही, रक्तस्राव होऊ शकतो. पण बाळानं तारीख मानली नाही. चार दिवस आधी, सकाळी सातच्या सुमाराला मला फोन आला. खातूनबी होती.

"ताई, हिची कंबर दुखून राह्यली. सुई भरली मी, पण हात थांबला. देऊ का?"

हे सांगायचा मला अधिकार नव्हता. मी म्हटलं, सुई खाली ठेवा, फोन चालू ठेवा. दुसऱ्या फोनवरून मॅडमना लावला. त्यांनी विचारलं, दिली का? म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, देऊ नको म्हणावं आणि गाडीत बसव. मी तसंच्या तसं सांगितलं आणि घरच्या चपलेतच रुग्णालयात गेले.

भोकरदनहून जालना म्हणजे दीड तास. गाडी दारात थांबली तेव्हा सलीम मिलच्या कपड्यांतच आलेला होता. मी रक्त घेतलं, गोठण्याची तपासणी लावली, प्लेटलेट्स मोजल्या, रक्ताच्या पिशवीची जुळणी केली. माझे हात इतके झरझर कधी चालले नव्हते. मध्येच वरून निरोप आला, बाळाचे ठोके मंदावताहेत, सिझेरियन करायचं. भूलतज्ज्ञ विचारत होते, शेवटचं इंजेक्शन नक्की कधी दिलं? अंदाजे चालणार नव्हतं. खातूनबीनं पिशवीतून कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलं. काल सकाळी सात वाजून वीस मिनिटं, उजवी बाजू. त्यांनी घड्याळ बघितलं, पान बघितलं, माझे आकडे बघितले, आणि म्हणाले, चला.

मी जिन्यात उभी होते. बाळाच्या रडण्याचा आवाज आला तसा सलीम वर धावला. मुलगी. सव्वादोन किलो.

बारा तासांनी इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. आता खरी धास्ती आईची होती, बाळाची नव्हे. खातूनबी दिवसातून चार वेळा रेहानाच्या पोटऱ्या अंगठ्यानं दाबून बघायची आणि दोन्ही पायांना दोरा गुंडाळून घेर मोजायची. पाचव्या दिवशी ती पलंगाजवळून उठलीच नाही. रेहाना बाळाला पाजत होती आणि सासू तिच्या श्वासाकडे बघत होती. मी दर तासाला काहीतरी निमित्त काढून वर जाऊन येत होते. संध्याकाळी मॅडमनी रेहानाला उठवून व्हरांड्यात चालायला लावलं. ती दोन फेऱ्या मारून आली, आणि मला भूक लागली म्हणाली.

युनूसनं गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आता त्याची तपासणी तो स्वतःहून करून घेतो आणि दर वेळी बहिणीला फोन करून आकडा कळवतो.

सहाव्या दिवशी त्यांच्याकडे छठी होती. वॉर्डातच कुणी सुरमा आणला, कुणी नवं झबलं. त्याच सकाळी मला बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घ्यायचं होतं. आईला थायरॉइडचा हा आजार असला की बाळाचंही बघून घ्यायचं, उशीर झाला तर बुद्धीवर परिणाम होतो. मी टाच कोमट फडक्यानं शेकली. पाय माझ्या अंगठ्याएवढा. इतकी वर्षं मी कुणाकुणाला टोचलं, पण त्या दिवशी सुई हातात धरून मी नुसती उभी राहिले. नव्या झबल्यातली ती पोर माझ्याकडे टकामका बघत होती.

खातूनबीनं पुढे होऊन तो पाय आपल्या मुठीत घट्ट धरला.

"टोचा ताई," ती म्हणाली. "हिला सवय आहे. नऊ महिने रोज सुईच्या बाजूलाच झोपली ही."

मी टोचलं. पोरीनं सगळा मजला डोक्यावर घेतला. कागदावर लाल थेंब पसरला, गोल आणि भरगच्च, हवा तसा. मी तो सुकेपर्यंत हातात धरून उभी होते, आणि मग खाली गेले, यंत्र लावायला.

आकडा उत्तम आला. सही मी दोनदा वाचून केली.